मंगळवारच्या मुंग्या

४ जून

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

कीटकशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात मी चार महिन्यांपूर्वी रुजू झालो. आपल्या दिवंगत थोरल्या भगिनी याच संस्थेत एकतीस वर्षं बाटल्या धुण्याच्या आणि त्यांवर चिठ्ठ्या लावण्याच्या कामावर होत्या, असं जुन्या नोंदींवरून कळतं. त्यांचं घर रिकामं करताना आपल्या पुतण्याने एक खोकं आमच्याकडे आणून दिलं. वर 'मुंग्या' असं लिहिलेलं आहे. आत चौदा वह्या आहेत.

वह्या मी वाचल्या. त्यांत शास्त्र काही आढळलं नाही. आपल्या कुटुंबाची खासगी दैनंदिनी चुकून या खोक्यात आली असावी. नमुन्यादाखल वही क्रमांक तीनमधलं देतो: '११.१० आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या आहेत. ११.२० बसल्याच आहेत. ११.३० थोरले काका साखर घेऊन पळाले. ११.४० मामी मेल्या. दोघींनी उचलून बाहेर टाकल्या. आत्याबाई तरी बसून.'

त्या एकाच आठवड्यात आपल्या घरातली नऊ माणसं गेली असं दिसतं. बराच काळ लोटला असला तरी माझ्या सहवेदना स्वीकाराव्यात. वह्या कोणत्या पत्त्यावर परत पाठवू, ते कळवावं.

आपला नम्र,
ग्रंथपाल

११ जून

ग्रंथपाल महाशय यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण पाणी घेऊन धावत आली.

अहो, त्या मुंग्या आहेत. खोक्यावर लिहिलंय ना तसं? स्वयंपाकघराच्या खिडकीशी काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी होती. तिच्यात तीस मुंग्या, एखादी मेली की तिच्या जागी दुसरी. ताई एकाच केसाच्या कुंचल्याने प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायची, श्वास रोखून. शिंक आली तर सगळं घर तिच्यावतीने दुसऱ्या खोलीत जाऊन शिंकत असे. आता 'लाल-पिवळी-लाल' असं कोण लक्षात ठेवणार, म्हणून तिने त्यांना नातेवाइकांची नावं दिली. जी नुसती बसून राही ती आत्याबाई. साखर पळवणारे थोरले काका. आमच्या खऱ्या आत्याने एकदा ती वही उघडून वाचली आणि मग दोन वर्षं ती आमच्याशी बोलली नाही. मामी मात्र नव्वद वर्षं जगली, तेव्हा सहवेदना परत घ्या.

ताईचं म्हणणं असं होतं, की तिसातल्या दहा-अकरा मुंग्या काही म्हणजे काही करत नाहीत. पण कामाच्या मुंग्या उचलून नेल्या, की त्याच आळशी उठतात आणि कामाला लागतात. त्या आळशी नव्हेतच, राखीव आहेत. एवढंच. तुमच्या संस्थेत तेव्हा याला सगळे हसले होते.

वह्या परत नकोत. माझ्या दोन खोल्यांत मलाच वळताना कोपर लागतं. रद्दीत घाला.

कै. ताईची धाकटी बहीण

१९ जून

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

सहवेदना परत घेतो आणि क्षमा मागतो. मी मूळचा इतिहासाचा. मुंग्यांशी संबंध चहाच्या साखरेपुरता.

पण आपल्या पत्राने माझी झोप उडाली. 'राखीव मुंग्या' हा या संस्थेचा सर्वांत गाजलेला शोध आहे. तो आमचे माजी संचालक, ज्यांना सगळे अजून 'मोठे साहेब' म्हणतात, यांच्या नावावर आहे. त्यांचा निबंध ज्या वर्षी छापला, त्याच्या सात वर्षं आधीच्या तारखा या वह्यांवर आहेत.

येत्या सप्टेंबरात नवी प्रयोगशाळा उघडते. तिच्या दारावर या शोधाचा फलक लागणार आहे. कोणाचं नाव घालायचं, हे पंचवीस ऑगस्टला समिती ठरवील. अध्यक्ष आहेत मोठ्या साहेबांचे पट्टशिष्य, निवृत्त प्राध्यापक. फलकाचा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून आणला आहे आणि त्यात 'मोठे साहेब' तीनदा येतात. मी समितीपुढे वह्या ठेवणार आहे. आपण एवढंच लिहून द्यावं, की हे काम आपल्या ताईंचं.

आपला,
ग्रंथपाल

२६ जून

ग्रंथपालांस,

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तुम्ही उघडू नका.

ताई गेली, तिचे मोठे साहेब गेले, पेटीतल्या आत्याबाईसुद्धा गेल्या. आता फलक लावून कोणाला काय मिळणार? तुम्ही तरुण आहात, उत्साह आहे, तो नवी पुस्तकं मांडण्यात घाला.

लिहून हवंच असेल तर हे घ्या: सगळं काम ताईने एकटीने केलं. मी त्या दिवसांत परीक्षेत नापास होऊन घरी नुसती बसून होते. मला यातलं काही ठाऊक नाही. कृपा करून पुन्हा विचारू नये.

धाकटी बहीण

८ जुलै

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

विचारू नये म्हणालात, तरी विचारावं लागतंय. आपल्या त्या चार ओळींनी मला खड्ड्यात घातलं.

प्राध्यापकांनी वह्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी संस्थेचं जुनं हजेरीपत्रक काखेत मारून आले. त्यात ताईंची सही रोज दहाला आत, पाचला बाहेर. एकतीस वर्षांत उशीर एकदाच, तोही सात मिनिटांचा. आणि वह्यांतल्या नोंदी रोज सकाळी अकरा दहा ते दुपारी चार, दर दहा मिनिटांनी. संस्थेत बाटल्या धुणारी बाई त्याच वेळी घरच्या खिडकीशी मुंग्या कशी मोजत होती, असा त्यांचा सवाल आहे. सगळं काम एकटीने केलं, असं आपणच लिहून दिलंत. म्हणजे आकडे मनाचे, वह्या बनावट.

त्यांनी तसा शेराही लिहून ठेवला आहे. फलक राहू द्या, पण बैठकीत तो शेरा मंजूर झाला, तर ताईंच्या नावापुढे 'बनावट नोंदी' हे दोन शब्द संस्थेच्या दप्तरात कायमचे राहतील. आजवर तिथे त्यांच्याबद्दल काहीच नव्हतं. मी मदत करायला गेलो आणि काही नसण्यापेक्षा वाईट करून ठेवलं.

मोजलं कोणी?

आपला,
ग्रंथपाल

२४ जुलै

आदरणीय बाईंस,

पत्र मिळालं असावं, कारण पोस्टमनला मी विचारलं. आपली तब्येत बरी असावी, अशी आशा आहे. बैठकीला बत्तीस दिवस राहिले आहेत.

प्राध्यापक आता मला कॅन्टीनमध्ये 'काय, मुंगीतज्ज्ञ' म्हणून हाक मारतात.

ग्रंथपाल

२९ जुलै

बाळा,

आता तुला अहो-जाहो करत नाही. कबुली द्यायची तर माणसाने घरच्या भाषेत द्यावी.

मोजत मी होते. एकोणीस वर्षांची, गणितात दोनदा नापास, दिवसभर घरी. येणारा-जाणारा म्हणे, 'धाकटी काय करते?' आई म्हणे, 'बसून असते.' एके दिवशी ताईने माझ्यापुढे पेटी, वही आणि घड्याळ ठेवलं. मी म्हटलं, अगं, मला बेरीज येत नाही. ती म्हणाली, 'तेच बरं. ज्याला बेरीज येते तो आकडे जुळवत बसतो. तू फक्त दिसतं ते लिही.' नावंही मीच ठेवली. अक्षरावरून तुला कळलं नाही, कारण आम्हा दोघींचं अक्षर एकाच मास्तरांच्या पट्टीखाली घडलं.

सात महिने मी मोजलं. मला आवडायचं ते, खरं सांगते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या नुसतं बसण्याची वाट पाहत होतं. संध्याकाळी ताई घरी आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, 'आज आत्याबाई काय म्हणतात?'

आता पुढचं. एका मंगळवारी अकरा वाजताच मैत्रिणी दारात आल्या, दुपारच्या खेळाची तिकिटं हातात. मी गेले. परत आले तेव्हा साडेचार झाले होते आणि वहीचं पान कोरं. अर्ध्या तासात मी तीसच्या तीस ओळी मनाने भरून काढल्या. ताईने रात्री बेरजा केल्या, काही बोलली नाही.

पुढे तिचा निबंध तुमच्या संस्थेतून परत आला. लखोटा मीच घेतला दारात. वर लाल शाईत, 'आकडे विश्वासार्ह नाहीत'. खाली मोठ्या साहेबांची सही. ताईने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, 'चल, भाजी चिरू.'

विश्वासार्ह नाहीत म्हणजे काय, ते जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. ज्याचं मन त्याला खातं म्हणतात ना, ते छपन्न वर्षं मला खात आलंय. ताई जन्मभर बाटल्या धुत राहिली ती माझ्या एका सिनेमामुळे. आता सांग, तुझ्या समितीला मी काय लिहून देऊ? मी मोजलं म्हणून सांगितलं, तर पुढचा प्रश्न येणार: सगळे दिवस खरे मोजलेत का, बाई? आणि मला खोटं बोलता येत नाही. एकदाच बोलले, त्याचे हे परिणाम.

धाकटी

६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

आपण मला बाळा म्हणालात, म्हणून हे धाडस. आधी बसून घ्या. शेजारणीला पाणी आणून ठेवायला सांगा.

वह्यांत पानाच्या एकाच बाजूला लिहिलेलं आहे, त्यामुळे मी पानं उलटून कधी पाहिलीच नव्हती. ग्रंथपालाने हे लिहून देणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं आहे, पण तसं झालं खरं. तुमचं पत्र आलं आणि मी तो मंगळवार शोधला. वही क्रमांक नऊ. मागच्या बाजूला बारीक पेन्सिलीत ताईंची टीप आहे. जसंच्या तसं उतरवतो:

'मंगळवार. आज तीसच्या तीस मुंग्या दिवसभर कामाला. एकही बसलेली नाही, आत्याबाईसुद्धा नाही. असं मुंग्यांत होत नाही. धाकटी सिनेमाला गेली असावी. हा दिवस धरायचा नाही. तिला विचारायचं नाही. विचारलं तर उद्यापासून ती भीत भीत मोजील, आणि भिऊन मोजलेलं जास्त खोटं असतं.'

मावशी, तुम्ही अर्ध्या तासात तीस ओळी रचल्यात आणि स्वतः काम चुकवल्याच्या धास्तीने एकाही मुंगीला बसू दिलं नाहीत.

ताईंचा परत पाठवलेला निबंध आमच्या तळघरातल्या कपाटात सापडला. त्यात दोनशे अकरा दिवसांचे आकडे आहेत. वह्यांत दोनशे बारा दिवस आहेत. तो मंगळवार ताईंनी गाळला होता. निबंध तुमच्यामुळे परत आला नाही. तुमच्या मंगळवारची मोठ्या साहेबांना गंधवार्ता नव्हती.

ती नव्हतीच, म्हणून तर पुढची गंमत झाली. आमच्या आवक-जावक वहीप्रमाणे या चौदा वह्या 'पडताळणीसाठी' सात महिने त्यांच्या टेबलावर होत्या. सात वर्षांनी त्यांचा स्वतःचा निबंध छापून आला, त्यात दिवस किती? दोनशे बारा. तुमचा मंगळवार सगळ्या तीस ओळींसकट त्यात आहे. आयत्या बिळावर नागोबा बसला, पण पानाची मागची बाजू पाहायची तसदी काही त्याने घेतली नाही. उलट त्या एका दिवशी सगळ्याच मुंग्या का राबल्या, यावर त्यांनी दीड पान लिहिलंय. हवेतल्या दमटपणामुळे, म्हणे.

शास्त्रात याला 'मंगळवारचा अपवाद' म्हणतात. त्यावर बरंच लेखन झालेलं आहे. त्यातलं सर्वांत जाडजूड, चारशे बारा पानांचं, आमच्या प्राध्यापकांचं आहे. त्यांना डॉक्टरेट त्याच विषयावर मिळाली.

तुमचं २९ जुलैचं पत्र समितीत वाचून दाखवायची परवानगी द्याल का? त्याशिवाय हे सिद्ध होत नाही. पण सिनेमाचं सगळ्यांना कळेल. नाही म्हणालात, तर मी ते कोणाला दाखवणार नाही.

तुमचा,
ग्रंथपाल

१० ऑगस्ट

बाळा,

वाच. सगळं वाच. भाजीचं गाळू नकोस.

तुझं पत्र तीन दिवस उशीखाली आहे. मला आनंद व्हायला हवा आणि मी चिडले आहे. तिला ठाऊक होतं. पहिल्याच रात्री ठाऊक होतं. मी लग्न झाल्यावर तिच्याकडे जाणं कमी केलं ते तोंड दाखवायची लाज वाटे म्हणून. तिला वाटलं असेल, धाकटीला मुंग्यांचा कंटाळा आला. एका गावात राहून आम्ही सणासुदीला भेटणाऱ्या पाहुण्यांसारख्या वागलो. एवढी हुशार बाई, मुंगीच्या पोटातलं ओळखायची, आणि बहिणीच्या पोटातलं विचारायचं नाही असं ठरवून बसली.

प्राध्यापकांना फार टोचून बोलू नकोस. चारशे बारा पानं लिहायला वेळ लागला असेल त्यांना.

धाकटी

२६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

बैठक काल झाली. सविस्तर कळवतो, कारण तुम्ही नाहीतर पुतण्याला इथे पाठवाल.

तुमचं पत्र मी उभं राहून वाचलं. सिनेमापाशी दोघं हसले, लखोट्यापाशी कोणी हसलं नाही. मग वही क्रमांक नऊ प्राध्यापकांपुढे ठेवली आणि पान उलटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग साहेबांचा निबंध मागवला. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून तीसच्या तीस ओळी बोटाने ताडून पाहिल्या. शेवटी ते म्हणाले, 'पण त्या दिवशी हवा दमट होतीच.'

वेधशाळेचा जुना कागद मी नेला होता. हवा कोरडी ठणठणीत होती.

माणूस वाईट नाही, मावशी. पाणी प्याले आणि म्हणाले, 'छत्तीस वर्षं मी मुलांना या बाईंचा सिनेमा शिकवतोय.' मग स्वतःच्या हाताने तो 'बनावट' शेरा फाडला आणि नवा मजकूर सांगितला. म्हणाले, 'जिने खोटा दिवस ओळखून गाळला, तिचेच बाकीचे दिवस खरे मानायचे. ज्यांनी तो ओळखला नाही, त्यांत आम्ही दोघे, साहेब आणि मी.' मंजूर झालं. विरोधात कोणी नाही.

फलकावर ताईंचं पूर्ण नाव येईल: 'राखीव मुंग्यांचा शोध यांनी लावला.' खाली तुमचं नाव आणि पुढे 'निरीक्षक'. उद्घाटन अठरा सप्टेंबरला. गाडी पाठवतो. प्राध्यापकांना तुम्हाला भेटायचं आहे आणि ते घाबरले आहेत.

तुमचा,
ग्रंथपाल

१९ सप्टेंबर

बाळा,

काल तू गाडी बघायला गेलास तेवढ्यात तुझे प्राध्यापक माझ्याजवळ आले. फार सभ्य माणूस. हात चोळत उभे राहिले, मग हळूच म्हणाले, 'बाई, एक विचारू? थिएटरात त्या दिवशी दमट होतं का?' मी म्हटलं, हो, चांगलंच दमट होतं, पंखे बंद होते. त्यांना इतकं बरं वाटलं, की मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. खरं तर मला काही आठवत नाही. तू सांगायला जाऊ नकोस.

निरीक्षक हा शब्द मी दोनदा वाचला. नापास सोडून आमच्या घरात मला दुसरी पदवी कोणी दिली नव्हती.

तुम्ही मला बोलायला उभं केलंत. मी कागद लिहून आणला होता, तो पर्समध्येच राहिला. फलकावर तिचं नाव बघितलं आणि तोंडातून निघालं ते एवढंच, 'ताई, त्या मंगळवारी मी सिनेमाला गेले होते.' सगळं सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. तूही हसलास. हसलास ते बरंच केलंस, पण मी हसवायला बोलले नव्हते. म्हणून हे पत्र.

ताईच्या शेवटच्या आजारात मी रोज दुपारी जाऊन बसत असे. एकदा ती डोळे मिटून पडलेली होती. मला वाटलं, झोपली. मी मनाशी शब्द जुळवत होते, आज सांगायचंच म्हणून. तेवढ्यात डोळे न उघडता ती म्हणाली, 'काही सांगायचंय का गं तुला?' मी म्हटलं, 'काही नाही, पडदे धुवायला टाकलेत.' ती थोडी हसली. तेव्हा मला वाटलं, पडद्यांना हसली. म्हणाली, 'बरं. सावकाश सांग.' आठ दिवसांनी ती गेली.

काल सांगितलं बाबा. जरा जास्तच सावकाश झालं.

तुझी,
धाकटी मावशी